साखर आटोक्यात आली आणि डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढला: एक प्रकरण अभ्यास

रुग्ण ५१ वर्षांचे गृहस्थ. काम हिशेबाचं, दिवसभर आकड्यांच्या रांगा डोळ्यांसमोर. टाइप २ मधुमेह १३ वर्षांपासून. चार महिन्यांपूर्वी नवे उपचार सुरू झाले, कित्येक वर्षांत पहिल्यांदा साखर ताब्यात आली, आणि नेमकी तेव्हापासून नजर उतरू लागली. उजव्या डोळ्याने पाहिलं की तक्त्यातल्या सरळ रेषा मध्येच वाकलेल्या दिसतात, ५ आहे की ६ ते कळत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "डॉक्टर, इन्सुलिनने माझे डोळे गेले का?"

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीची नोंद नाही. अशा रुग्णांमध्ये वारंवार जे घडतं ते एका रुग्णाच्या रूपात गुंफून मांडलं आहे. औषधांची माहिती आणि संशोधनातले आकडे मात्र जसेच्या तसे आहेत. प्रकरण मांडण्याचं कारण तो प्रश्नच. त्याला "छे, असं काही नसतं" एवढं उत्तर देऊन चालत नाही, कारण त्यात खरं-खोटं दोन्ही मिसळलेलं आहे. आणि ते वेगळं करून सांगितलं नाही तर माणूस इन्सुलिन सोडतो.

पूर्वेतिहास

मधुमेह कळला तेव्हा मेटफॉर्मिन सुरू झालं, दोन वर्षांनी ग्लिमेपिराइड जोडलं गेलं. सुरुवातीची काही वर्षं बरी गेली. पुढे गोळ्या घेण्यात खंड पडू लागला. काहीच त्रास नव्हता, म्हणून आठवडेच्या आठवडे गोळ्या राहून जात. तहान वाढली, रात्री तीनदा उठावं लागलं की परत सुरू, बरं वाटलं की परत बंद. रक्तदाबाची टेल्मिसार्टनची गोळीही अशीच, डोकं जड वाटेल त्या दिवशी. मध्ये केव्हातरी साखरेसाठीच पायोग्लिटाझोन ३० मिलिग्रॅम जोडलेलं होतं. ही गोळी मात्र ते नियमित घेत, कारण ती सकाळच्या चहाच्या वेळची म्हणून लक्षात राहायची.

डोळे बाहुली मोठी करून तपासल्याला चार वर्षं होऊन गेली होती. तेव्हाच्या कागदावर "दोन्ही डोळ्यांत सुरुवातीची रेटिनोपॅथी, एका वर्षाने फेरतपासणी" असं लिहिलेलं होतं. रेटिनोपॅथी म्हणजे मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांना होणारी इजा. ते गेले नाहीत. का, तर दिसत होतं. लांबचं स्वच्छ, जवळचं चष्म्याने स्वच्छ. डायबेटिक रेटिनोपॅथीत फसगत होते ती इथेच. पडद्याच्या कडेला रक्तवाहिन्या गळत असतात, बंद पडत असतात, आणि मधला मॅक्युला, म्हणजे बारीक पाहण्याचा भाग, शाबूत असेपर्यंत तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येते. चांगली नजर म्हणजे चांगला पडदा असं समीकरण मधुमेहात बांधता येत नाही.

जगभरातल्या अभ्यासांची सांगड घालून २०१२ मध्ये काढलेला अंदाज असा की मधुमेह असलेल्या सुमारे एक तृतीयांश लोकांच्या पडद्यात रेटिनोपॅथीची काही ना काही खूण असते, आणि साधारण दहात एकाला नजर धोक्यात आणणारा टप्पा गाठलेला असतो. यातले बरेच जण त्या दिवशी व्यवस्थित वाचत असतात.

नव्या उपचारांचे चार महिने

पायाच्या बोटाची जखम भरेना म्हणून ते फिजिशियनकडे गेले. एचबीए१सी १२.१ टक्के निघालं, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर तीनशेच्या आसपास. रक्तदाब १५८/९४. लघवीतून प्रथिन जात होतं. जखम आणि साखर बघता जोरदार उपचार हवेतच होते. रात्रीचं दीर्घ परिणामाचं इन्सुलिन, आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडचं, म्हणजे साखर आणि वजन दोन्ही उतरवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन, मेटफॉर्मिन पूर्ण मात्रेत, ग्लिमेपिराइड बंद, पायोग्लिटाझोन चालू. निवड वावगी नव्हती. राहिली ती एकच गोष्ट: सुरुवात करण्याआधी पडदा पाहिला गेला नाही. दिसण्याची तक्रार नव्हती, जखमेची घाई होती, आणि चार वर्षांपूर्वीचा तो कागद घरी फायलीत होता.

रुग्णाने या वेळी मनावर घेतलं. जखमेने घाबरवलं होतं. एकही डोस चुकला नाही, खाणं बदललं, वजन उतरू लागलं.

दुसऱ्या महिन्यात जवळचं धूसर झालं. चष्म्याच्या दुकानात तपासून नवा नंबर काढला, चष्मा बनवला, आणि तीन आठवड्यांत तोही बसेना. ही पहिली धूसरता पडद्याची नव्हतीच. साखर दीर्घकाळ जास्त असते तेव्हा डोळ्यातलं भिंग त्या वातावरणाला सरावलेलं असतं. रक्तातली साखर झपाट्याने उतरली की भिंगातलं पाणी आणि साखर यांचं गणित काही काळ बिघडतं, भिंगाचा आकार व ताकद बदलते आणि नंबर सरकतो, बहुतेकदा अधिक नंबराच्या बाजूला. काही आठवड्यांत ते आपोआप बसतं. म्हणून साखर स्थिरावेपर्यंत कायमचा चष्मा बनवू नये. पण याच निरुपद्रवी धूसरतेने या प्रकरणात नुकसान केलं. "सुरुवातीला असं होतंच, जाईल आपोआप" हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं, आणि पुढच्या, वेगळ्या धूसरतेलाही त्यांनी तेच लावलं.

दोन धूसरतांमधला फरक रुग्णालाही ओळखता येतो. भिंगाची धूसरता दोन्ही डोळ्यांत साधारण सारखी असते, दिवसागणिक बदलते आणि बहुधा चष्म्याच्या काचेने सुधारते. मॅक्युलाला सूज आली की बहुतेकदा एक डोळा दुसऱ्यापेक्षा वाईट असतो, रेषा वाकतात, अक्षराचा मधलाच भाग पुसट होतो आणि कुठल्याही काचेने फारसा फरक पडत नाही. एकेक डोळा झाकून चौकटीच्या कागदाकडे पाहिलं तरी वाकडेपणा कळतो. हे त्यांना चौथ्या महिन्यात कळलं, तेही कामावर एक बेरीज तीनदा चुकली म्हणून.

त्याच सुमाराला एचबीए१सीचा अहवाल आला: ६.९ टक्के. फिजिशियन खूश. घरचे खूश. आणि रुग्णाच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं.

पुढची गोष्ट त्यांनी कुणाला न विचारता केली. इन्सुलिन बंद केलं. ओळखीतल्या कुणाचे तरी डोळे "इन्सुलिन लागलं आणि गेले" हे ऐकलेलं होतं. रोज घ्यायची ॲस्पिरिनची छोटी गोळीही सोडली, डोळ्यात रक्त उतरेल या भीतीने. उपाशीपोटीची साखर परत अडीचशेवर गेली. धूसरता होती तिथेच राहिली.

तपासणी

दृष्टी उजव्या डोळ्यात ६/१८ (निरोगी डोळा १८ मीटरवरून वाचतो ते ६ मीटरवरून), डाव्यात ६/९. काच बदलून उजव्यात काही सुधारणा नाही. भिंग दोन्हीकडे जवळजवळ स्वच्छ. बाहुल्यांची प्रकाशाला प्रतिक्रिया नीट, दृष्टिमज्जातंतूचं टोक सुजलेलं किंवा फिकट नाही. ही शेवटची नोंद मुद्दाम केली. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांमध्ये दृष्टिमज्जातंतूचा रक्तपुरवठा अचानक कमी होण्याचा एक प्रकार आढळतो. युरोपीय औषध संस्थेने २०२५ मध्ये हा अतिविरळ दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं, दहा हजारांत जास्तीत जास्त एक. त्यात एका डोळ्याची नजर अचानक, न दुखता जाते. इथे तसं नव्हतं.

पडद्यावर मात्र बरंच काही होतं. उजव्या डोळ्यात चारही चतुर्थांशांत रक्ताचे डाग, दोन चतुर्थांशांत शिरा मण्यांच्या माळेसारख्या फुगलेल्या, एका भागात केशवाहिन्यांचं वेडंवाकडं जाळं, आणि बऱ्याच ठिकाणी कापसासारखे पांढरे ठिपके. "४-२-१" हा डॉक्टरांच्या तोंडी असलेला नियम तो हाच: चार भागांत रक्तस्राव, दोन भागांत मणीदार शिरा किंवा एका भागात असं जाळं, यातलं एक दिसलं तरी रेटिनोपॅथी तीव्र धरायची. इथे तिन्ही होती. ओसीटीवर, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या प्रकाशाच्या स्कॅनवर, उजव्या मॅक्युलाची मधली जाडी ४१२ मायक्रॉन, आत पाण्याच्या पोकळ्या. डाव्या डोळ्याची नजर बरी, पण आजार एक पायरी पुढे गेलेला: रंगद्रव्य टोचून काढलेल्या चित्रात कडेला नव्या, नाजूक, गळणाऱ्या वाहिन्यांचा एक लहान गुच्छ. म्हणजे प्रोलिफरेटिव्ह टप्प्याची सुरुवात. ज्या डोळ्याची तक्रारच नव्हती, जास्त धोका त्यात होता.

आणखी एक नोंद, जी डोळ्यांच्या खोलीत सहज निसटते: दोन्ही पावलांना सूज. बोट दाबलं की खड्डा राहत होता.

इन्सुलिनने डोळे गेले का

सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नाला द्यावा लागला, आणि तो दिला पाहिजे.

१९८०च्या दशकात इन्सुलिन पंप नवे होते तेव्हा संशोधकांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. पंपाने साखर उत्तम ठेवलेल्या काही रुग्णांचा पडदा पहिल्या काही महिन्यांत, ढिली साखर असलेल्यांपेक्षा, जास्त बिघडला. बऱ्याच जणांना धक्का बसला. मग अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ मधुमेहाच्या १४४१ रुग्णांवर डीसीसीटी हा मोठा प्रयोग झाला. त्यातही पहिल्या वर्षात तेच दिसलं: साखर कडक ठेवलेल्या गटात १३.१ टक्के लोकांचा पडदा बिघडला, नेहमीच्या उपचारांच्या गटात ७.६ टक्के. याला सुरुवातीचा बिघाड म्हणतात. तो कुणात जास्त दिसला? ज्यांचं एचबीए१सी आधी खूप वर होतं आणि पहिल्या सहा महिन्यांत खूप खाली आलं त्यांच्यात. आपल्या रुग्णाचं १२.१ वरून ६.९ वर आलं होतं.

इथपर्यंत रुग्णाची भीती खरी ठरते. पण तोच प्रयोग पुढे चालू राहिला तेव्हा चित्र पूर्ण उलटलं. ज्यांच्या पडद्यावर आधी काही नव्हतं त्यांच्यात कडक नियंत्रणाने रेटिनोपॅथी होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला, ज्यांच्यात ती आधीच होती त्यांच्यात वाढण्याचा धोका ५४ टक्क्यांनी. आणि रुग्णाला मी आवर्जून सांगेन ती गोष्ट: कडक गटातल्या ज्यांचा पडदा सुरुवातीला बिघडला, त्यांचीही शेवटची स्थिती, ढिल्या गटात सुरुवातीला न बिघडलेल्यांच्या बरोबरीची किंवा त्यांच्यापेक्षा बरी होती. म्हणजे सुरुवातीचा बिघाड सोसूनही चांगल्या साखरेचा फायदा उरला. इन्सुलिन सोडणारा माणूस तोटा घेतो आणि फायद्याच्या आधी निघून जातो.

असं का होतं याचं पूर्ण उत्तर अजून नाही. एक मांडणी अशी की आजारी वाहिन्यांमधून रक्त कमी पोचणारा पडदा इतकी वर्षं भरपूर साखरेवर निभावून नेत असतो, ती एकाएकी उतरली की उपासमार उघडी पडते आणि नव्या वाहिन्या मागवणारे संदेश वाढतात. दुसऱ्या मांडणीत शरीरातले वाढीचे घटक, विशेषतः आयजीएफ-१, जबाबदार धरले जातात. इन्सुलिन विष आहे असं यातली एकही मांडणी म्हणत नाही. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा गरोदरपणात साखर झपाट्याने सुधारली तेव्हाही पडद्याचा असाच बिघाड पाहिला गेला आहे. औषध कुठलं हा मुद्दा दुय्यम. आधीचा आजार किती आणि उतार किती, हे मुख्य.

सेमाग्लुटाइडबद्दल हेच. सस्टेन-६ या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ३२९७ रुग्ण होते. दोन वर्षांत रेटिनोपॅथीच्या गंभीर घटना सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत ३.० टक्के, न घेणाऱ्यांत १.८ टक्के. नंतरच्या विश्लेषणात हा फरक बराचसा पहिल्या १६ आठवड्यांतल्या वेगवान उताराने समजावता आला, आणि घटना प्रामुख्याने ज्यांना आधीपासून रेटिनोपॅथी होती व जे इन्सुलिनवर होते त्यांच्यात दिसल्या. आपले रुग्ण या वर्णनात शब्दशः बसतात. ही माहिती औषधाच्या पत्रकात छापलेली असते. ती उपचार लिहिताना तोंडी सांगितली गेली असती तर चौथ्या महिन्यात इन्सुलिनची कुपी कचऱ्यात गेली नसती, असं मला ठामपणे वाटतं. धोका आधी सांगितला की माणूस त्याची वाट पाहतो आणि दिसला की तपासायला येतो. नंतर कळला की त्याला फसवल्यासारखं वाटतं.

"इन्सुलिन लागलं आणि डोळे गेले" या समजुतीत आणखी एक गाठ आहे. इन्सुलिन बहुधा मधुमेहाच्या बाराव्या-पंधराव्या वर्षी सुरू होतं. रेटिनोपॅथी नजरेवर येण्याचा काळही तोच. वर्षानुवर्षं गोळ्या चुकवल्याचा हिशेब पडद्यावर साठत राहतो आणि तो दिसतो त्या महिन्यात हातात सुई असते. या रुग्णाचा पडदा चार महिन्यांत आजारी झाला नाही. त्यातला बराचसा आजार आधीचाच होता. नेमका किती, ते आज कुणी सांगू शकत नाही, कारण सुरुवातीचा फोटोच नाही.

काय बदललं, काय तसंच ठेवलं

इन्सुलिन परत सुरू केलं. यावर डोळ्यांचे डॉक्टर आणि फिजिशियन यांचं लगेच एकमत झालं. साखर मुद्दाम वर ठेवून पडदा वाचवता येतो याला आधार नाही. साखर सावकाश उतरवली तर सुरुवातीचा बिघाड टळतो का, याचंही डीसीसीटीच्या विश्लेषणात काही समर्थन सापडलं नाही. तरी अनेक अनुभवी डॉक्टर तीव्र रेटिनोपॅथी असताना उतार थोडा संथ ठेवतात, आणि मला त्यात गैर वाटत नाही, जखम किंवा संसर्ग नसेल तर. पण उतार उतरून झाल्यावर पुन्हा चढण्यात काहीच अर्थ नसतो.

सेमाग्लुटाइडवर मतभेद होते. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कल थांबवण्याकडे, फिजिशियनचा चालू ठेवण्याकडे: मूत्रपिंड आणि हृदय दोन्हीला त्याचा उपयोग होता, वजन उतरत होतं. शेवटी मधला मार्ग निघाला. आहे ती मात्रा ठेवायची, पडदा स्थिर होईपर्यंत वाढवायची नाही.

पायोग्लिटाझोन मात्र तिथल्या तिथे बंद. हे औषध शरीरात पाणी धरून ठेवतं. पावलांची सूज त्याचीच असण्याची शक्यता मोठी, आणि इन्सुलिनसोबत घेतलं की ती वाढते. काही लोकांत तेच पाणी मॅक्युलात साठतं. मॅक्युलाची सूज असलेल्या मधुमेहीच्या गोळ्यांची यादी वाचताना हे एक नाव शोधायला हवं, आणि डोळ्यांच्या दवाखान्यात पाय बघायला हवेत. नियमित घेतलेली एकमेव गोळी नेमकी ही निघावी, याचं वाईट वाटतं.

ॲस्पिरिन परत सुरू केली. ईटीडीआरएस या मोठ्या अमेरिकन प्रयोगात रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली गेली होती, हृदयासाठीच्या नेहमीच्या मात्रेच्या कित्येक पट. तिने रेटिनोपॅथी थांबली नाही, पण डोळ्यात रक्तस्रावही वाढला नाही. ज्याला ती हृदयासाठी लागते त्याने रेटिनोपॅथीच्या भीतीने ती सोडण्याचं कारण नाही.

रक्तदाबाची गोळी रोजची झाली, जोडीला ॲमलोडिपिन. रक्तदाब हा डोळ्यांच्या बाबतीत विसरला जाणारा भाग आहे. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस प्रयोगात, १९९८ चे निष्कर्ष, एका गटाचा रक्तदाब सरासरी १४४/८२ आणि दुसऱ्याचा १५४/८७ राहिला. एवढ्याशा फरकाने रेटिनोपॅथी वाढण्याचा धोका ३४ टक्क्यांनी कमी झाला. आपल्या रुग्णाचा रक्तदाब किती वर्षं १६०च्या आसपास होता कोण जाणे.

फेनोफायब्रेटचा विचारही झाला. हे मूळचं रक्तातल्या चरबीचं, ट्रायग्लिसराइड कमी करणारं औषध. फील्ड या प्रयोगात टाइप २ मधुमेहाचे ९७९५ रुग्ण होते. त्यात पडद्याला पहिल्यांदा लेझर लागण्याचं प्रमाण फेनोफायब्रेट घेणाऱ्यांत ३.४ टक्के, न घेणाऱ्यांत ४.९ टक्के निघालं. स्कॉटलंडमधल्या लेन्स प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले: ११५१ रुग्ण, आजार वाढून तज्ज्ञाकडे पाठवण्याची किंवा उपचारांची वेळ २२.७ टक्क्यांवर आली, नुसत्या दिखाऊ गोळीवर २९.२ टक्क्यांवर. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून रेटिनोपॅथीसाठी या औषधाला मान्यता दिली आहे. पण लेन्समधले रुग्ण सुरुवातीच्या टप्प्यातले होते. आपले रुग्ण तो टप्पा ओलांडून गेलेले, शिवाय मूत्रपिंडाला इजा झालेली. या औषधाने क्रिएटिनिन थोडं वाढतं आणि मूत्रपिंड मंद असेल तर मात्रा घटवावी लागते. कमी मात्रेत सुरू केलं, पण त्याच्या भरवशावर काहीच ठेवलं नाही. हे औषध या माणसाला चार वर्षांपूर्वी, तो कागद हातात आला तेव्हा, जास्त उपयोगी पडलं असतं.

डोळ्यांचे उपचार

उजव्या डोळ्यात दर महिन्याला व्हीईजीएफ, म्हणजे वाहिन्या वाढवणारं आणि गळवणारं प्रथिन, रोखणारं इंजेक्शन. अफ्लिबरसेप्ट निवडलं, कारण मॅक्युलाच्या सुजेत सुरुवातीची नजर ६/१५ किंवा त्याहून कमी असेल तर पहिल्या वर्षात ते रॅनिबिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅबपेक्षा सरस ठरल्याचं अमेरिकेतल्या तुलनात्मक प्रयोगात २०१५ मध्ये दिसलं होतं. नजर त्याहून चांगली असताना तिन्ही सारखीच. डोळ्यात सुई या कल्पनेने ते पहिल्या वेळी घामाघूम झाले. प्रत्यक्षात सुन्न करणाऱ्या थेंबांनंतर जाणवतो तो दाब, आणि काम काही सेकंदांचं. संसर्ग विरळ असतो, पण झाला तर डोळा धोक्यात येतो. म्हणून इंजेक्शननंतरच्या काही दिवसांत दुखणं, लाली वाढणं किंवा नजर घटणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी यायचं, हे घरच्यांसमोर सांगितलं.

डाव्या डोळ्याला लेझर, तीन बैठकांत, पडद्याच्या कडेच्या भागावर. मधली नजर वाचवण्यासाठी कडेचा काही भाग द्यावा लागतो, हे आधी समजावलं. रात्री वाहन चालवताना फरक जाणवेल हेही. इंजेक्शनांनीही नव्या वाहिन्या आटतात आणि काही ठिकाणी तीच पहिली निवड असते, पण त्यासाठी रुग्ण न चुकता येत राहावा लागतो. मध्येच खंड पडला तर आजार उसळून येतो. औषधांमध्ये वर्षानुवर्षं खंड पाडलेल्या माणसासाठी लेझरची पक्की बांधणी मला जास्त सुरक्षित वाटते. त्यांनी स्वतःही तेच निवडलं.

पुढे

पाच इंजेक्शनांनंतर उजवा डोळा ६/९, जाडी २९० मायक्रॉन. रेषा अजून किंचित वाकतात, एका जागी. डाव्या डोळ्यातला नव्या वाहिन्यांचा गुच्छ सुकला, कडेची नजर थोडी आखडली. पावलांची सूज पायोग्लिटाझोन थांबवल्यावर दीड महिन्यात उतरली. मॅक्युलाची सूज उतरण्यात त्याचा वाटा किती आणि इंजेक्शनांचा किती, ते वेगळं करता येत नाही. चष्मा साखर तीन महिने स्थिर राहिल्यावर बनवला, आणि तो बसला.

एचबीए१सी ७.२ वर टिकून आहे. रक्तदाब १३०/८० च्या आसपास.

पहिल्याच दिवशी काय वेगळं करता आलं असतं? डीसीसीटीच्या अभ्यासकांनी १९९८ मध्येच सांगून ठेवलं होतं: दीर्घकाळ साखर बिघडलेल्या माणसाला कडक उपचार देण्याआधी पडदा तपासा, आणि नंतर सहा ते बारा महिने दर तीन महिन्यांनी पाहा, विशेषतः रेटिनोपॅथी मध्यम किंवा पुढची असेल तर. ती अगदी उंबरठ्यावर असेल आणि साखर खूप वर असेल तर आधी लेझर उरकून मग साखर ओढणं शहाणपणाचं. त्यांचे रुग्ण टाइप १ चे होते, पण टाइप २ मध्ये हे लागू न करण्याचं मला कारण दिसत नाही. जखमेमुळे इथे उपचार लांबवणं शक्य नव्हतं. पडद्याचा फोटो काढायला लागणारा अर्धा तास मात्र होता. त्यात कदाचित डाव्या डोळ्याचं लेझर चार महिने आधी झालं असतं आणि उजव्याची सूज महिना-दोन महिने आधी हाती लागली असती.

सेमाग्लुटाइडची मात्रा वाढवायची की नाही, हा प्रश्न लागोपाठ दोन तपासण्यांत पडदा स्थिर दिसल्यावर परत काढला. फिजिशियनने विचारलं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि या वेळी मात्रा वाढवण्याच्या आठवड्यातच पुढच्या तीन तपासण्यांच्या तारखा त्यांच्या फायलीच्या पहिल्या पानावर लिहून दिल्या.